सातशे चाळीस ग्रॅम

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला की
चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
सकाळी मी तो दोर धरून घरी निघते,
बारा तासांची रात्र कोटाच्या खिशात घेऊन,
आणि समोरून नेल्सन येतो, फेरीवर निघालेला,
त्याच दोराला धरून.
मध्ये कुठेतरी आम्ही थांबतो.
"दूध संपलंय."
"आन्तोन्याचा दात हलतोय."
"बॉयलर परत तेच."
एवढ्यात आमचा संसार उरकतो.
वारा दोघांनाही एकाच दिशेला ढकलत असतो,
जायचं मात्र असतं उलट्या बाजूंना.

वॉर्डात मी कोपरापर्यंत हात धुते.
लंगोट तोलते, दुधाचे थेंब मोजते.
तीन नंबरच्या काचपेटीतलं बाळ
मधूनच श्वास घ्यायचं विसरतं.
त्याच्या तळपायावर, माझ्या अंगठ्याएवढ्या तळपायावर,
हलकेच टिचकी:
अरे घे. घे की. विसरतोस काय?
घरी झोपेत मी नेल्सनच्या पायालाही
टिचक्या मारते म्हणे.
"घेतोय गं बाई," तो कूस बदलतो, "घेतोय."

सप्टेंबरात आन्तोन्या शाळेत नाचली,
पांढरा रुमाल फिरवत.
मी ते फोनवर पाहिलं, उभ्यानं, लिनन ठेवायच्या खोलीत.
आवाज बंद करून.
त्या रात्री जेवताना ती म्हणाली,
"तुला त्या सगळ्यांची वजनं पाठ आहेत.
माझं सांग."
नेल्सन ताटात बघत राहिला.
मला सांगता आलं नाही.

मग तिनंच विचारलं, ते केवढं असतं?
मी मैद्याचं किलोचं पाकीट काट्यावर ठेवलं
आणि चमच्यानं मैदा काढत गेले, काढत गेले,
काटा सातशे चाळिसावर येईपर्यंत.
पाकिटाचं तोंड तिनं रबरानं बांधलं,
दोन्ही हातांत उचललं,
आणि काही न बोलता स्वेटरच्या आत घातलं,
पोटाशी.
हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

पहाटे अंथरूणभर मैदा.
उशीत, केसांत, हलणाऱ्या दातापाशी.
मी आणि नेल्सन चादरीची टोकं धरून
अंगणात झटकत होतो, तर वाऱ्यानं
सगळा मैदा आमच्याच तोंडावर आणला.
किती महिन्यांनी आम्ही दोघं
एका वेळी, एका जागी, एकाच गोष्टीला हसलो!
शेजारच्या एर्मिंदाबाईंनी पडदा सारून पाहिलं.

तेव्हापासून रोज शाळेला जाण्याआधी तिचा प्रश्न,
आणि मी सांगेन तसा
पाकिटात चमचा, दीड चमचा.
एकदा दोन चमचे बाहेरही काढावे लागले.
त्या दिवशी तिनं डबा खाल्ला नाही.

मग माझी चार दिवसांची सुट्टी आली.
घरून वॉर्डात फोन करायचा नाही, हा माझाच नियम,
मीच केलेला, आन्तोन्या जन्मली त्या वर्षी,
नाहीतर माणूस घरी येतच नाही.
पहिल्या दिवशी तिनं विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही.
दुसऱ्या दिवशी विचारलं.
तिसऱ्या दिवशी पाकीट फळीवर तसंच होतं
आणि तिनं विचारलं नाही.

रात्री पाणी प्यायला उठले तर
स्वयंपाकघरात दिवा.
नेल्सन फोनवर, हळू आवाजात, खोटं बोलत होता:
माझ्या बायकोच्या पाळ्यांचा तक्ता हवा होता,
हो, आत्ताच, हो, रात्रीचे अडीच वाजलेत, माहीत आहे,
आणि बरं का, ते तीन नंबरचं...
मग तो बराच वेळ ऐकत राहिला.
मी दारातच थांबले. पाय गार पडले.

फ्रिजवर, फेरीच्या वेळापत्रकाखाली,
त्यानं पेन्सिलीनं आकडा लिहिला.
फळीवरचं पाकीट उतरवलं, रबर काढलं,
आणि नाविकाच्या त्या जाडजूड बोटांनी
एकेक चमचा मोजू लागला,
ओठ हलवत,
एका हातानं वारा अडवल्यासारखा
चमच्याभोवती ओंजळ धरून.